शब्दसूचीचे यंत्र आणि नामदेवांची गाथा

१

ग्रंथाच्या अखेरीस जोडलेली शब्दसूची सामान्य वाचक क्वचितच उलगडतो. संशोधकाचे मात्र निम्मे काम सूचीपासूनच सुरू होते. एखादा शब्द कवीने किती वेळा योजला, कोणत्या अर्थाने योजला, कोणत्या शब्दांच्या शेजारी योजला, ह्या प्रश्नांची उत्तरे स्मरणावर विसंबून देता येत नाहीत. म्हणूनच प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात सूचीकाराचे स्थान पाठसंपादकाच्या खालोखाल मानले गेले आहे.

ह्या कामाची परंपरा आपल्याकडे अल्प नाही. कर्नल जेकब ह्यांनी सिद्ध केलेला प्रमुख उपनिषदांचा व भगवद्गीतेचा वाक्यकोश मुंबईत १८९१ साली प्रसिद्ध झाला. ब्लूमफील्ड ह्यांची वैदिक मंत्रसूची १९०६ मध्ये निघाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभ झालेल्या संस्कृत महाकोशाच्या कार्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपून घेण्यात आले. मराठीपुरते बोलावयाचे तर रा. ना. वेलिंगकर ह्यांचे ‘ज्ञानेश्वरीचे शब्दभांडार’ (१९५९) हे अशा परिश्रमाचे ठळक उदाहरण होय. ही सर्व कामे हातांनी झाली. प्रत्येक शब्द चिठ्ठीवर उतरला, आणि चिठ्ठी कोणत्या शीर्षकाखाली लावावयाची ह्याचा निर्णय प्रत्येक वेळी एका जाणत्या माणसाने घेतला.

आता हेच काम संगणक काही क्षणांत करतो. त्यासाठी तयार असलेल्या साधनांपैकी ‘पीटीएक्स’ हे सर्वांत जुन्या साधनांत मोडते. बेल प्रयोगशाळांत घडलेल्या युनिक्स प्रणालीचे ते एक अंग होते, व पुढे ग्नू प्रकल्पाने त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. त्यास चित्रमय पडदा नाही, बटणे नाहीत. एक ओळभर आज्ञा टंकावयाची, तीत मजकुराच्या फाइलीचे नाव द्यावयाचे, की सूची तयार होते. ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते आणि त्यास जाळ्याची जोडणी लागत नाही. मोठ्या ग्रंथालयांपासून दूर, हिंगोलीसारख्या जिल्ह्यात राहून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला ह्या गुणांचे मोल वेगळे सांगावयास नको.

हिंगोलीचा उल्लेख येथे केवळ उदाहरणादाखल केलेला नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नरसी हे गाव आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा त्याच गावाकडे बोट दाखविते. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर ह्यांच्याशी निगडित असलेले औंढा नागनाथ हेही ह्याच जिल्ह्यात. त्यामुळे येथील संशोधकाच्या हाती असे साधन आले, तर तो प्रथम नामदेवांच्या गाथेकडेच वळणार हे उघड आहे. मराठी संतवाङ्मयात सूचीच्या यंत्राची सत्त्वपरीक्षा पाहणारा ह्यापेक्षा कठीण ग्रंथ क्वचितच सापडेल. म्हणून ह्या यंत्राचे परीक्षण त्या ग्रंथाच्या कसोटीवर करणे उचित ठरेल.

२

प्रथम यंत्राचे कार्य नेमके काय ते पाहू. साध्या सूचीत शब्द आणि पृष्ठांक एवढेच असते. ‘पीटीएक्स’ जी सूची करते तीत प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासह येतो. वाक्यातील एकेक शब्द क्रमाने बीजशब्द मानला जातो, तो ओळीच्या ठरावीक जागी मांडला जातो, त्याच्या डावीकडे व उजवीकडे मूळ वाक्याचे शेजारचे शब्द राहतात, आणि मग सर्व ओळी बीजशब्दाच्या वर्णानुक्रमाने लावल्या जातात. आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून ह्यांनी १९५८ ते १९६० ह्या काळात ही पद्धती शास्त्रीय लेखांच्या शीर्षकांसाठी संगणकावर रूढ केली. युनिक्सच्या छापील पुस्तिकेस जोडलेली सूचीही ह्याच धर्तीची होती.

‘कयाधूच्या काठी नरसी हे गाव आहे’ हे एक वाक्य घ्यावे. त्याच्या सहा ओळी होतील. ‘नरसी’ हा बीजशब्द असलेल्या ओळीत डावीकडे ‘कयाधूच्या काठी’ आणि उजवीकडे ‘हे गाव आहे’ असे दिसेल. ‘गाव’ ह्या शब्दाखाली तेच वाक्य दुसऱ्या कोनातून पुन्हा भेटेल. प्रत्येक ओळीच्या आरंभी अभंगाचा क्रमांक लिहून ठेवला, तर तो संदर्भ म्हणून सूचीत उतरविण्याची सोयही साधनात आहे.

ह्या मांडणीचा लाभ मोठा आहे. हाताने केलेल्या सूचीत शब्द सापडतो, शेजार सापडत नाही. येथे शेजारच पुढे येतो. नामदेवांच्या गाथेत ‘नामा’ हा बीजशब्द काढला, की साधनाच्या मूळ युनिक्स रूपात ‘म्हणे’ ह्या क्रियापदाच्या सोबतीने आलेल्या सर्व ओळी एकत्र गोळा होतील, कारण तेथे ओळी लावताना बीजशब्दाच्या उजवीकडील मजकूरही क्रमात धरला जातो. उलट ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा ‘नामा’ ह्या शब्दाखाली विखुरलेली राहील, कारण ‘विष्णुदास’ हे पद डावीकडे पडते. परंतु प्रत्येक शब्द बीजशब्द होत असल्यामुळे हीच मुद्रा ‘विष्णुदास’ ह्या शब्दाखाली एके ठिकाणी भेटते. कर्तृत्वनिर्णयाच्या दृष्टीने ही सोय बहुमोल आहे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा ह्या कवीच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत, आणि त्या निवडून काढण्याचा प्रश्न अभ्यासकांपुढे दीर्घकाळ उभा आहे. यंत्राचे श्रेय द्यावयाचे ते येथे मोकळेपणाने दिले पाहिजे.

३

दोषांकडे वळताना त्यांचे दोन वर्ग करणे इष्ट होईल. पहिला वर्ग लिपीचा. हे साधन अशा काळात घडले, की त्या वेळी एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण निर्वेध मानले जाई. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘नामा’ हा दोन अक्षरांचा शब्द संगणकाच्या लेखी चार चिन्हांचा, म्हणजे बारा बाइटांचा ठरतो. साधनाने गृहीत धरलेली ओळीची लांबी ७२ आहे. इंग्रजी वाक्याला ती पुरते. देवनागरीची मात्र त्यात जेमतेम २४ चिन्हे मावतात, आणि अभंगाचा चरण अर्ध्यावरच तुटतो. लांबी वाढवून मागता येते हे खरे. पण ती मागावी लागते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तुटका संदर्भच पूर्ण वाटेल.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी, की शब्द म्हणजे लागून आलेल्या अक्षरांची माळ, अशी व्याख्या ग्नू आवृत्तीत मुळात गृहीत आहे, व ही अक्षरे एकेका बाइटाची मानली आहेत. त्या व्याख्येत देवनागरी बसत नाही. शब्दाचे लक्षण बदलून, रिकाम्या जागेपर्यंतचा मजकूर तो शब्द असे सांगितले, तरच मराठी मजकुराची सूची निघू शकते. अधिक नव्या काही साधनांत अडचण निराळे रूप घेते. तेथे व्यंजनाला अक्षराचा मान मिळतो, पण काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षरांत गणली जात नाहीत. परिणामी ‘नामा’ ह्या शब्दाचे ‘न’ आणि ‘म’ असे दोन तुकडे होतात.

वर्णानुक्रमाचीही हीच गत आहे. यंत्र चिन्हांच्या सांकेतिक क्रमांकाने शब्द लावते. त्या क्रमात ‘ळ’ हा वर्ण ‘ल’ नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’ च्या पुढे आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ह्यांना सांकेतिक क्रमात स्वतंत्र स्थानच नाही. ते ‘क’ आणि ‘ज’ ह्यांच्या पोटात जातात. आणखी एक सूक्ष्म अडचण ‘कऱ्हाड’ ह्या शब्दात दिसते. त्यातील अर्धा ‘र’ युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात, आणि एकाच गावाच्या नोंदी सूचीत दोन ठिकाणी पडतात. काही जुन्या लेखकांनी नामदेवांचे नरसी कऱ्हाडजवळ असल्याचे मानले होते हे लक्षात घेतले, म्हणजे स्थलनिर्णयाच्या वादात अशी दुभंगलेली नोंद किती दिशाभूल करील ह्याची कल्पना येईल.

तथापि हे सर्व दोष कारागिरीचे आहेत. योग्य सूचना देऊन, मजकूर आधी एकसारखा करून घेऊन, ते दूर करता येतात. त्यांच्यावरच टीका थांबविणे म्हणजे यंत्राला स्वस्तात सोडण्यासारखे होईल.

४

दुसरा वर्ग भाषेचा आहे, आणि खरा प्रश्न तेथे आहे. सूचीचा घटक शब्द. पण मराठीत शब्द कशाला म्हणावयाचे? इंग्रजीत विभक्तीचे बहुतेक कार्य सुट्या शब्दांनी होते. म्हणून रिकाम्या जागेवर तोडलेला मजकूर तेथे बऱ्याच अंशी मूळ शब्दच हाती देतो. मराठीत नामाचे सामान्यरूप होते, त्याला प्रत्यय लागतो, प्रत्ययावर पुन्हा शब्दयोगी अव्यय चढते. ‘देऊळ’ आणि ‘देवळात’ ही एकाच शब्दाची रूपे सूचीत एकमेकांपासून दूर पडतात, कारण दुसऱ्याच अक्षरात फरक आहे. ‘मूल’ आणि ‘मुलाला’, ‘ऊस’ आणि ‘उसाचा’ ह्यांचीही तीच अवस्था. उलट पक्षी, वर घेतलेल्या वाक्यातील ‘काठी’ हे रूप ‘काठ’ ह्या शब्दाची सप्तमी आहे. हातातील काठीही सूचीत त्याच जागी येऊन बसेल. यंत्र एकाच शब्दाची रूपे विखुरते आणि भिन्न शब्दांची रूपे एकत्र करते. दोन्ही प्रमाद एकाच कारणाने घडतात: त्याला रूप दिसते, शब्द दिसत नाही.

ह्यावर उपाय म्हणून प्रत्यय छाटणारा आणखी एक छोटा कार्यक्रम आधी चालवावा, असे सुचविले जाते. नामदेवांच्या गाथेत हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरतो. ‘नाम’ हे नपुंसकलिंगी नाम; त्याचे सामान्यरूप ‘नामा’. त्यावरून ‘नामाचा’, ‘नामासी’ ही रूपे होतात. ‘नामा’ हे कवीचे नाव. जुन्या मराठीत त्याचे सामान्यरूप ‘नामया’ किंवा ‘नाम्या’. त्यावरून ‘नामयाचा’, ‘नामयासी’ अशी रूपे होतात. म्हणजे ‘नामाचा’ हे रूप बहुधा ईश्वराच्या नामाचे, आणि ‘नामयाचा’ हे कवीचे. प्रत्यय छाटणारे यंत्र ‘नामाचा’ ह्या रूपातील ‘चा’ काढून टाकते. उरते ते ‘नामा’, आणि ते थेट कवीच्या नावाखाली जाऊन बसते. ज्या कवीने आयुष्यभर नामाचा महिमा गायिला, त्याच्या गाथेत ईश्वराचे नाम आणि कवीचे नाव ह्यांतील भेद सूचीनेच पुसून टाकावा, ह्याहून मोठी हानी कोणती?

हा प्रश्न मराठी गाथेपुरता मर्यादित नाही. १६०४ साली संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्या पदांच्या भाषेत ‘नामे’ हे कवीच्या नावाचे सामान्यरूप म्हणून येते. मराठी गाथेत तेच रूप, अनुस्वार गळाला की, ‘नामाने’ ह्या अर्थी तृतीयेचे ठरते. दोन्ही ग्रंथ एकाच फाइलीत घालून सूची काढली, तर एकाच शीर्षकाखाली दोन भाषांची, दोन व्याकरणांची आणि दोन भिन्न अर्थांची रूपे मांडीला मांडी लावून बसतील. नामदेवांच्या मराठी व हिंदी रचनांची तुलना करू पाहणाऱ्या संशोधकाला ती सूची अचूक आकड्यांनी चुकीचे उत्तर देईल.

तिसरे उदाहरण जनाबाईंचे. त्यांच्या अभंगांच्या मुद्रेत ‘नामयाची’ हे पद वारंवार येते. सर्व संतांच्या गाथांची एकत्र सूची करून ‘नामा’ ह्या शब्दाखाली ‘नामयाची’ हे रूपही लावले, तर गंगाखेडच्या ह्या कवयित्रीची स्वतःची मुद्रा नामदेवांच्या खात्यात जमा होते. व्याकरणाच्या दृष्टीने नोंद बरोबर असते. वाङ्मयाच्या दृष्टीने ती अन्याय करते. म्हणजे रूप नीट ओळखले तरीही ते कोठे लावावयाचे हा निर्णय शिल्लक राहतो, आणि तो निर्णय वाचनाचा आहे, गणनेचा नव्हे.

५

आता वर्ज्य शब्दांच्या यादीकडे वळावयाचे. प्रत्येक शब्द बीजशब्द झाला, तर सूची मूळ ग्रंथाच्या अनेक पटींनी फुगते. म्हणून ‘आणि’, ‘तो’, ‘हे’ ह्यांसारखे शब्द वगळण्याची सोय अशा साधनांत असते. ‘पीटीएक्स’च्या मूळ युनिक्स रूपात वापरणाऱ्याने अशी यादी दिली नाही, तर प्रणालीत आधीच ठेवलेली इंग्रजी शब्दांची एक यादी आपोआप लागू होई. त्या फाइलीचे नाव चार अक्षरांचे होते, आणि बहुतेकांना तिचे अस्तित्वही जाणवत नसे. यंत्राच्या पोटात एका विशिष्ट भाषेविषयीचे मत दडलेले होते, इतकेच ह्यावरून म्हणावयाचे.

मराठीसाठी अशी यादी करावयास बसलेला मनुष्य वारंवारतेचा आधार घेतो. सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द सर्वांत कमी अर्थाचे, असे त्याचे गृहीतक असते. अभंगवाङ्मयात ह्या कसोटीने प्रथम बळी पडणाऱ्या शब्दांत ‘म्हणे’ हा शब्द असेल. तो जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या शेवटी येतो आणि सांगावयास काही नवा अर्थही देत नाही. तरीही अभंगाचे कर्तृत्व ज्या मुद्रेवर ठरते, तिचा अर्धा भाग तोच आहे. ‘नामा म्हणे’ आणि नुसते ‘नामा’ ह्यांत फरक आहे. पहिल्यात कवी बोलतो. दुसऱ्यात कवीविषयी कोणी बोलत असण्याचा संभव राहतो. नामदेवांची चरित्रपर म्हणून गणली जाणारी कवने नामदेवांचीच की त्यांच्या मागून आलेल्या कीर्तनकारांची, हा वाद ज्या ठिकाणी लढला जातो, ते ठिकाणच ‘म्हणे’ वगळल्याने सूचीतून नाहीसे होते.

संगणकीय सूचीचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे इटालियन जेझुइट पाद्री रोबेर्तो बूसा ह्यांचा अनुभव येथे बोधप्रद आहे. संत थॉमस अक्विनस ह्यांच्या लेखनातील ‘सान्निध्य’ ह्या कल्पनेवर ते प्रबंध लिहीत होते. त्या अर्थाची लॅटिन नामे शोधता शोधता त्यांना असे आढळले, की ती कल्पना नामांपेक्षा ‘आत’ ह्या अर्थाच्या एका क्षुल्लक अव्ययात वास करते. तेव्हा कोणताही शब्द न वगळता सूची केली पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. १९४९ मध्ये त्यांनी आय.बी.एम. कंपनीचे साहाय्य मिळविले आणि १९७४ ते १९८० ह्या काळात त्या सूचीचे ५६ खंड छापून निघाले. एक कोटीच्या वर शब्द, तीन दशकांचा काळ. आणि त्यातील पुष्कळसा वेळ यंत्राने नव्हे, रूपे मूळ शब्दांखाली लावणाऱ्या माणसांनी घेतला. यंत्रयुगाच्या ह्या पहिल्या मोठ्या सूचीने शिकविलेला धडा हाच, की क्षुल्लक शब्द कोणता हे ग्रंथ वाचल्यावरच ठरते.

६

ह्या परीक्षणाचा निष्कर्ष यंत्र त्याज्य आहे असा नाही. चिठ्ठ्यांच्या काळात ज्या कामाला वर्षे लागत, त्याचा पहिला खर्डा आता एका बैठकीत होतो, आणि तो एका माणसाला स्वतःच्या घरी करता येतो. आक्षेप आहे तो ह्या खर्ड्याला सूची म्हणण्यावर. सूचीकाराने घेतलेले निर्णय जुन्या ग्रंथांत प्रस्तावनेत नमूद केलेले असत. त्यांच्याशी मतभेद करता येई. यंत्राने घेतलेले निर्णय त्याच्या गृहीतकांत लपलेले असतात, आणि त्यांतून निघालेला आकडा निःपक्षपाती असल्याचा भास होतो. प्रबंधात ‘अमुक शब्द अमुक वेळा आला’ असे विधान करणाऱ्याने शब्दाचे लक्षण कोणते धरले, कोणते शब्द वगळले, कोणती आवृत्ती घेतली, हे सांगितले नाही, तर त्या विधानाला प्रमाण मानण्याचे कारण नाही.

ह्यावरून कार्यपद्धती अशी सुचते. पाठासाठी एकच मुद्रित आवृत्ती निश्चित करावी; नामदेवांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेली गाथा हा सोयीचा आधार होय. प्रत्येक चरणाच्या आरंभी अभंगक्रमांक लिहावा. लेखनाची दुहेरी रूपे आधीच एकसारखी करावीत, मात्र अनुस्वार काढून टाकू नयेत, कारण जुन्या मराठीत त्यांवर विभक्ती ठरते. पहिली सूची निव्वळ रूपांची, एकही शब्द न वगळता, यंत्राकडून करून घ्यावी. दुसरी सूची मूळ शब्दांची, ती पहिलीवरून हाताने करावी. ह्या कामी तुळपुळे व फेल्डहाउस ह्यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) जवळ असावा. मुद्रेचे चरण वेगळे खुणेने दाखवावेत, म्हणजे ‘नामा’, ‘विष्णुदास नामा’ आणि ‘नामयाची’ ह्यांची सरमिसळ होणार नाही.

एवढे केल्यावरही सूचीकडून भलत्या अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. ‘नरसी’ हे नाव गाथेत कोठे कोठे आले हे सूची दाखवील. ते नरसी कयाधूकाठचे की अन्य कोठले, हे ती ठरविणार नाही. त्यासाठी तो अभंग कोणाचा, कोणत्या काळातील, कोणत्या पोथीतून आलेला, हे पाहावेच लागेल. गाथेचा पाठ कीर्तनाच्या परंपरेतून, अनेक कंठांतून आणि अनेक बाडांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. अशा पाठात एखाद्या शब्दाची वारंवारता ही कवीच्या आवडीची साक्ष असेल, तशीच ती पुढील गायकांच्या आवडीचीही असेल. यंत्राने दिलेल्या ओळींतून हा भेद निवडणे हे पूर्वीप्रमाणेच अभ्यासकाचे काम आहे, आणि त्यासाठी आता त्याच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक वेळ आहे.